दीड, अडीच, साडेतीन

आपल्या भाषेत अर्ध्याला केवढा मान,
ते लसीच्या कार्डावर कळलं:
दीड महिना, अडीच, साडेतीन.
साडेतीन म्हणजे मला मुहूर्तच ठाऊक.
आजचा त्यातला नव्हता. साधा बुधवार,
आणि मी आठ दिवस उशिरा,
कारण त्याचं नाक वाहत होतं.

"नाक काय, वाहतंच," सिस्टर एस्मेराल्दा म्हणाली.
"झाला उशीर तर झाला.
पहिल्यापासून नको करायला, पुढची देऊया."

डावी मांडी धरायला सांगितली. धरली.
रडण्याआधी त्यानं
एकदा माझ्याकडे पाहिलं.
कार्डावर त्याला रकाना नाही.

मग अर्धा तास बाकावर.
समोरून दिवाडीची फेरी आम्हांला सोडून गेली.
बाकावर आणखी तिघी,
आपापल्या बाळाचा श्वास मोजत,
मोजत नसल्यासारख्या.

निघताना सिस्टर म्हणाली,
"रातीं जोर येतलो. भियेनाका."
सहा वर्षं झाली मला या बेटावर,
तरी काही शब्द आधी गडहिंग्लजला जाऊन मग येतात.
जोर येणार म्हणे.
बरंच की, वाटलं, पायरी उतरेपर्यंत.

नऊ वाजता आला.
एकशे एक. मांडीवर चिंचोक्याएवढी गाठ,
हात लावला की किंचाळायचा.
वजनावर मोजून दिलेले थेंब, ओला रुमाल,
चोळायचं नाही.
आंतोनेतबाईंनी आणलेली कोमट तेलाची वाटी
तशीच परत दिली. त्यांना राग आला असावा.
नवऱ्याचं जहाज कुठल्या समुद्रात, फोन लागेना.
कार्डामागे सिस्टरचा नंबर:
शेवटचा आकडा तीन की आठ?
शेवटच्या फेरीचं इंजिन ऐकलं,
मग ऐकू येईनासं झालं.

त्याला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहिले.
प्याला, थोडं ओकला, पुन्हा प्याला.
पाठ तव्यासारखी.
आणि मला आमची तालीम आठवली,
पहाटे लाल मातीत पोरं जोर मारायची,
समोर कुणी नसताना.
कुस्ती कधी, कुणाशी,
होणार की नाही, काही माहीत नसताना.
घामानं माती ओली व्हायची.

चारच्या सुमारास त्याच्या मानेवर घाम आला.
मी झोपले नाही, पण बसले.

सकाळी पहिल्या फेरीचा भोंगा.
तो जागा, माझी बांगडी चावतोय,
रात्रीचं काहीच लक्षात नसल्यासारखा.
कार्ड काढून पाहिलं.
पुढची तारीख: नऊ महिने.
पूर्ण. अर्धा कुठेच नाही.
आकडा बहुतेक आठच असावा.
विचारून घ्यायला हवं.