खांब सतरा

रोज रात्री दोन वाजता
हैदराबादचं वेळापत्रक आणि आमचं पारडीचं
एकमेकांना विचारतात: तुझं काय, माझं काय.
सकाळी मी कंटेनरचं कुलूप काढते,
तोवर सगळं ठरलेलं असतं.

श्रावण संपता संपता खांब सतरा
दर रात्री एक दिवस पुढे सरकू लागला.
बावीस. तेवीस. चोवीस.
शालिक मडावी आपली वही पाहून म्हणाला,
"म्याडम, खांब तं जागीच हाये.
तारीखच काहून पळून राह्यली?"

कारण सापडायला अर्धा दिवस गेला.
आमच्या कॅलेंडरात तान्हा पोळा आहे,
त्यांच्यात नाही.
आमचं यंत्र सुट्टी पाहून काम ढकलायचं,
त्यांचं ते ढकललेलं पाहून पुढचं सगळं ढकलायचं,
मग पुन्हा आमचं.
दाराशी दोन पाहुणे, आधी तुम्ही, आधी तुम्ही.

शेवटी जोड तोडली.
एक बटण. ते आधी विचारतं, खात्री आहे?
आठशे बारा कामांशेजारची
साखळीची बारकी खूण
वरून खाली करडी होत गेली.

मग चार दिवस फोनवर.
तिकडून वेणुगोपाल, ज्याचं नाव मी तीन वर्षं
फक्त 'बदल केला' या शब्दांपुढे वाचलं होतं.
त्याला सर्दी असते. मागे कुकरच्या शिट्ट्या.
हिंदीत, सांभाळून: सत्रह?
कल भर दिया.
अठारह?
सळई बांधून तयार, पाऊस थांबायची वाट.
एकोणीसचं विचारलंच नाही त्यानं. म्हणाला,
ये तान्हा पोला क्या है?

सांगितलं. पोळ्याचा दुसरा दिवस.
पोरं लाकडी बैल सजवतात, त्यांना चाकं असतात,
दोरीनं ओढत घरोघर नेतात, बोजारा मिळतो.
आणि महालातून मारबत निघते,
त्या गर्दीतून काँक्रीटची गाडी आणून दाखव.
तो बराच वेळ गप्प.
मग हळूच: पण काँक्रीट तर सुट्टीतही मुरतं ना?

मुरतं.
हे आम्हा दोघांपैकी कुणीच यंत्राला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी पुन्हा जोडलं.
कोणाच्या तारखा खऱ्या? इथल्या की तिथल्या?
तिसरा पर्याय नव्हता.
शालिकची वही मागवली, पेन्सिलीतली,
पानावर सिमेंटचा अंगठा,
तिच्यावरून इथल्या नीट केल्या आणि मग 'इथल्या' दाबलं.
काही कामं दोनदा उगवली.
खांब सतरा, खांब सतरा.
एक पुसला. कोणता, ते आता सांगता येणार नाही.

रात्री दोनला दोघं बोलली असावीत.
सकाळी सगळं ठरलेलं. फोन वाजला नाही.
त्यांच्या सुट्ट्यांच्या यादीत मात्र एक नवी ओळ,
पुढच्या वर्षीचीही तारीख शोधून घातलेली,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, देवनागरीत, माझेच शब्द:
लाकडि बैल. चाकं असतात.

वेलांटी मी दुरुस्त केली.
तशी काही गरज नव्हती.
पण रात्री दोनला तिकडे उमटेल,
बदल केला: शरयू ढोक.