चार बोटं सुरंगी

आधी सैल झालं ते हेल्मेट.
बांबोळीच्या वॉर्डात बाकी सगळं सांगितलं होतं:
तोंड येईल, नखं काळवंडतील, चव जाईल.
पण वेणी गेली की हेल्मेट डोक्यावर
करवंटीसारखं गरगर फिरतं,
हे मला फर्मागुडीच्या चढावर कळलं,
समोरून कदंबा बस, आणि काच माझ्या नाकावर.
तेव्हापासून आत उल्हासचा एक रुमाल,
चौपदरी दुमडून.

शेवटच्या सलाईनला चौदा महिने झाले.
रुमाल अजून आहे.

रायच्या एस्पेरांसाला सहाव्या महिन्यातच आले,
दाट, काळेभोर, आणि कुरळे!
जन्मभर सरळ होते तिचे.
ती फोटो पाठवते. मी अंगठा पाठवते
आणि फोन पालथा ठेवते.
तिचं वाईट व्हावं असं नाही हो.
फक्त फोटो नकोत.

माझे आले ते असे:
कानामागे थोडे, मानेवर थोडे,
आणि टाळूवर, रायवळ आंब्याची बाठ
चोखून उन्हात टाकली की उरतात, तसे.
रंग कुठला ते नक्की सांगता येत नाही.

शेजारच्या ताराबायनं माका सांगितला,
जास्वंदीचा पाला, कांद्याचा रस.
तेलाच्या तीन बाटल्या संपल्या,
उशीचे अभ्रे तेवढे तुकतुकीत झाले.
डॉक्टरीण बाई खरं बोलली:
"वेळ लागतो. काहींचे एवढेच राहतात."
त्या 'एवढेच'वर मी महिनाभर कूस बदलत होते.

केस ने, जीव ठेव,
असं देवाला मीच सांगून बसले होते.
त्यानं हिशोब चोख ठेवला.
आता तक्रार कुठल्या खिडकीवर करू?
मी स्वतःच खिडकीत बसते, पालिकेत, घरपट्टीच्या.
लोक पैसे सरकवतात, वर बघतात,
आणि मग पावती फार मन लावून वाचतात.

म्हार्दोळला देवळासमोर आनंदीची पाटी असते.
मार्च लागला की सुरंगी.
वीस वर्षं ती न विचारता हातभर मोजून देत आली.
मागचे दोन मार्च मी स्कूटर थांबवलीच नाही,
मान वळवून गेले, उधारी थकल्यासारखी.
परवा ब्रेक लागला. का, ते सांगता येणार नाही.
वास आडवा आला असेल.

हेल्मेट काढलं.
तिनं बघितलं. विचारलं काही नाही.
हातभर मोजलेली फाती परत पाटीत ठेवली,
चार बोटं मोजली, दातानं दोरा तोडला,
पदराला अडकवलेली नातीची चिमुकली क्लिप काढली,
"हालूं नाका गे बाय,"
आणि कानामागे, जिथे जरा आहेत, तिथे लावली.
"चार बोटांचे कसले पैसे," म्हणाली.
मग जरा विचार करून, "पांच दी."

फर्मागुडी चढून ऑफिसात पोचले, हेल्मेट काढलं,
तर सुरंगी आतच राहिली, रुमालाला बिलगून.
क्लिपीत केस: तीन.
मोजले.
रडायला बाथरूम लागतं, तिथे रांग होती.
हेल्मेट कपाटावर ठेवलं, उताणं,
आणि खिडकी उघडली.

अकरापर्यंत वास पंख्याला लागला,
साडेअकराला टेबलाटेबलांवर पोचला.
फायलीतून नाक वर काढून कुंकळ्येकार हेडक्लार्क म्हणाले,
"आज सुरंगी कुणी माळलीय?"
पोरी एकमेकींच्या अंबाड्यांकडे बघू लागल्या.
माझ्याकडे कुणी बघेना.

"मी," म्हटलं,
आणि समोरच्या माणसाची पावती फाडली.