खुराक

कीथलीत फेब्रुवारी म्हणजे सकाळी आठलाही दिवे.
मागच्या अंगणातल्या शेडमध्ये मी, अंगावर दोन स्वेटर,
समोर पिवळ्या कॅनरींची जोडी, दोघांच्या मध्ये जाळी.
इतक्यात एकत्र सोडायची नाहीत.
आधी अंगात ताकद, मग संसार,
असं काहीसं बेअरस्टो म्हणाला होता त्याच्या यॉर्कशरी बोलीत,
जी मला चाळीस वर्षांनीही निम्मी अंदाजानंच कळते.

त्यानंच वहीच्या पानावर लिहून दिलंय:
ई जीवनसत्त्वाचं तेल, सोमवारी आणि गुरुवारी, बियांना चोळून.
डी आणि कॅल्शियम पाण्यातून,
दुपारनंतर ते पाणी ओतून टाकणे.
दिव्याचं घड्याळ आठवड्याला पाव तास वाढवणे,
म्हणजे पाखरांना वाटतं, थंडी सरली.
आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून:
जास्त नको. जास्तीनंही मरतात.

ड्रॉपर उजेडात धरून मी थेंब मोजतो.
एक. दोन. तिसरा लोंबतो, पडत नाही.
बत्तीस वर्षं बसचे ब्रेक बसवलेले हात
एका थेंबाला घाबरतात.

प्रमिला दारात, हातात माझा चहा.
चष्मा कपाळावर सरकवून बाटली वाचते, सावकाश,
किराण्याची यादी वाचावी तशी.
"बरंच लागतं की हो एका पाखराला."
आणि वळता वळता,
"मृणालच्या वेळी मला काय दिलं होतंत तुम्ही?"

मग बराच वेळ
शेडमध्ये फक्त बिया फोडल्याचा आवाज.

चौऱ्याऐंशी साल. मला रात्रपाळी.
लोहाच्या गोळ्या तिनंच आणल्या होत्या,
बर्फातून चालत जाऊन, सातव्या महिन्यात.
तिच्या आईनं साताऱ्याहून डबा पाठवला डिंकाच्या लाडवांचा,
तो पोचला तेव्हा मृणाल दहा दिवसांची.
बाळंतिणीचे लाडू. रोज दोन
मी डेपोत घेऊन गेलो.
"मला नाही हो गोड जात," ती म्हणाली होती
आणि मी ते खरं मानलं.
खरं मानणं सोयीचं होतं.

मार्चमध्ये जाळी काढली. आठवड्यात घरट्यात कापूस, दोरे,
माझ्या स्वेटरची लोकरसुद्धा.
आणि एका सकाळी मादी पिंजऱ्याच्या तळाशी,
पिसं फुगवून, डोळे मिटून. अंडं अडलेलं.
बेअरस्टो फोन उचलेना.
मी कागद उलटा करून पाहिला, मागे काहीच नव्हतं.

प्रमिलानं तिला उचललं चहाच्या फडक्यात,
गरम पाण्याच्या पिशवीवर अलगद ठेवलं,
चोचीच्या कडेला कॅल्शियमचा एक थेंब.
न मोजता. बरोबर एक.
"घाबरू नको गं, जरा जोर कर.
सगळं तुलाच करायचंय. हे काय, उभेच राहणार."
हे कोणाबद्दल, ते मी विचारलं नाही.
उभा राहिलो.

दीड तासानं फडक्यावर अंडं.
फिकट निळं, बुडाशी तांबूस ठिपके.

पुढे आणखी तीन. टॉर्चपुढे धरली तेव्हा
दोन नुसतीच पारदर्शक.
दोघांत एकेक कोवळी लाल रेघ, जाळीसारखी.
पहिलं अंडं कुठल्या दोघांतलं, ते आता मला आठवत नाही.
तिला आठवतं.

रविवारी ब्रॅडफर्डला जाऊन डिंक आणला, खारीक, खोबरं.
तुपात डिंक अर्धा फुलला, अर्धा जळला.
लाडू वळले नाहीत, दाबून दाबून बसवले.
तिच्यासमोर बशी ठेवली, काही न बोलता,
कारण जे बोलायचं ते एकेचाळीस वर्षं शिळं.

तिनं एक फोडला. चावला.
"दात जातील की माझे."
मग बशी जरा आपल्याकडे ओढली
आणि खात राहिली, खिडकीकडे पाहत.
बाहेर शेडमधला दिवा
आपला आपण लागला.