ळ ची जागा

हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीने टाकून दिलेली
अकरा यंत्रं
जुन्या बाजारातून तांबोळ्याच्या टेम्पोत बसून आली.
प्रत्येकी सतराशे, हमी नाही.
"मास्तर, चालली तर चालली."
मी चित्रकलेचा. पण खोलीची किल्ली माझ्याकडे,
म्हणून संगणकही माझ्याच गळ्यात.

काशेवाडीतल्या आमच्या शाळेला
दरसाल परवान्याचे पैसे भरणं जमणारं नव्हतं.
फुकटची प्रणाली घातली, पेन ड्राइव्हवरून,
रात्री साडेनऊपर्यंत डास मारत.
फुकट म्हणजे, हे नंतर समजलं, उघडी.
आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं,
पटलं नाही तर बदलावं.
मला वाटलं, हे नुसतं म्हणायचं.
आमच्या सूचनापेटीवरही असंच काहीतरी लिहिलंय.

सातव्या यंत्राच्या कीबोर्डचा एक दात पडलेला.
नेमका तो, ज्यावर खाली ल आणि वर ळ राहतात.
सुकेशनी साळवे, सातवी ब, तिथं बसली
आणि आडनाव लिहायला गेली.
सावे.
मग शाळा लिहून पाहिलं.
श ला काना, आणि पुढचा काना निराधार,
त्याच्या शेजारी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ
यंत्रानेच काढलेलं,
सतरंजीवर कुणासाठी जागा धरावी तसं.

मी म्हटलं, दुसऱ्या यंत्रावर बस.
तिथं आधीच दोघी आहेत, म्हणाली.
मी म्हटलं, बुधवारी कळ आणू बाजारातून.
तिने 'कळ' टाइप केलं.
नुसता क उमटला.

चार दिवस ती मधल्या सुट्टीत खिचडी घेऊन
दारातच जेवली, एक डोळा पडद्यावर.
ती फाइल कुठे असते, तिला कुणी सांगितलं?
मी तरी नाही. मी फक्त पासवर्ड दिला.
ओळींवर ओळी, आणि मधेच
आपली अक्षरं कुठं राहतात त्याचा तक्ता.
ल म्हणजे ०९३२, ळ म्हणजे ०९३३,
चाळीतल्या खोल्यांसारखे लागून.

ल ला तिने नुक्त्याच्या जागी बसवलं,
मराठीला नुक्ता कशाला लागतो.
ळ ला ञ च्या घरात. ञ वापरतं कोण?
दुसऱ्या दिवशी विज्ञान लिहिता येईना.
ज्ञ च्या पोटात ञ असतो
हे मला चौपन्नाव्या वर्षी कळलं.
तिने ञ ला मुकाट माघारी आणलं
आणि ळ चं बिऱ्हाड ङ च्या खोलीत हलवलं.

यंत्र परत सुरू केलं. पंख्याची घरघर.
सा. ळ. वे.
ती हसलीबिसली नाही. आईचं नाव लिहिलं, शालन,
मग येतील ते सगळे शब्द, पानभर:
गोंधळ, खोळंबा, पातेलं, टाळं, मोकळं.

आठवड्याने बघतो तर
ज्यांचे कीबोर्ड धड होते
त्यांच्याही यंत्रांवर तिचीच फाइल.
का रे, म्हटलं इब्राहिमला.
"सुकेशनीनं केलीय ना, सर."

पाहणीला आलेले कोल्हे साहेब
सातव्यावर बसले, स्वतःचं नाव टाइप करायला.
बोट त्या पडक्या दाताच्या भोकात गेलं.
"हे प्रमाणित नाही," म्हणाले.
"नुक्ता दाबा, सर," मागून आवाज.

एक नुकसान झालं, तेही नोंदवतो.
मार्चमध्ये वार्षिक अहवाल टाइप करताना
वाङ्मय मंडळ आलं, आणि ङ कुठंच नव्हता.
त्याच्या खोलीत आता मंडळाचा ळ राहतो.
मधे जागा सोडून प्रिंट काढली,
काळ्या शाईने ङ हाताने काढला.
चित्रकलेचा मास्तर मी,
तरी ठिपका
जरा मोठाच पडला.