शिवणीतली माया

सात वर्षांचं अंदाजपत्रक आम्ही
वाढत्या अंगाचं शिवलं होतं,
बाह्या दुमडलेल्या, शिवणीत दोन बोटं माया.
सत्तावीस देश माप द्यायला आले
आणि प्रत्येकाने पोट आत ओढून धरलं.

एका ओळीचं नाव होतं 'अनपेक्षित'.
तिच्यासमोर किती लिहायचं
यावर अठरा दिवस भांडण चाललं.
व्हिएन्नाहून आलेल्या एका सभ्य गृहस्थाने विचारलं,
काय येणार हेच ठाऊक नाही,
त्याला इतके कसे लागतील?
प्रश्न बिनतोड होता.
आकडा निम्मा झाला. टाळ्याही पडल्या, हलक्या.

मग आजार आला.
मग पूर्वेकडे रणगाडे.
मग एका ऑगस्टमध्ये नदी जिना चढून
लोकांच्या निजायच्या खोल्यांत गेली.
आणि व्याजाचा दर,
ज्याला आम्ही तळटीपेत निजवून ठेवलं होतं,
उठून टेबलाशी येऊन बसला.
दुसरं वर्ष सरेपर्यंत माया उसवून संपली होती.

आज चौथं वर्ष. ब्रसेल्स, डिसेंबर, रात्रीचे अडीच.
खाली पुढाऱ्यांचं जेवण गार होतंय.
काचेमागचे दुभाषे अर्ध्या अर्ध्या तासाने बदलतात,
आवाज नवा, 'नाही' तेच.
वर आमच्या खोलीत गोडेलीव्ह
बूट काढून, पाय खुर्चीवर घेऊन बसली आहे.
नवा पैसा नाही, ती म्हणते, जुन्यातूनच बघा.
म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर.
म्हणजे मी.

मी ओळी शोधतो,
ज्या ओरडणार नाहीत अशा.

सहा हजार दोनशे चौदा: फिरती प्रयोगशाळा.
एक गाडी, आत बारा सूक्ष्मदर्शक,
लाटव्हियाच्या पार कडेच्या शाळांसाठी.
ही ओळ मीच लिहिली होती.
तिकडच्या वेल्टाबाई दर जानेवारीत पत्र पाठवतात:
मुलांनी तळ्याचं पाणी बाटलीत भरून ठेवलंय,
गाडी कधी?
मी दर जानेवारीत लिहितो, पुढच्या वर्षी.
एव्हाना ते पाणी हिरवं झालं असेल.
बघण्यासारखं बरंच असेल त्यात.

गाडी पुसली तर
एका इस्पितळाच्या जनित्राला नऊ आठवड्यांचं डिझेल,
जिथे बाळंतपणं तळघरात होतात.
हे गणित मला कुणी सांगितलेलं नाही,
हात हलावा म्हणून मीच मांडलं.
खरं तर पैसा असा गाडीतून जनित्रात जात नाही,
तो एका मोठ्या हौदात पडतो
आणि हौदातलं पाणी कुणाच्या विहिरीचं
हे मलाही सांगता येत नाही,
आणि माझं कामच ते आहे.

कळ दाबली.
खालच्या सगळ्या ओळी एकेक पायरी वर सरकल्या,
रांगेतून कुणी कंटाळून निघून जावं तशा.

तीनच्या सुमाराला झेफेरिना टोपल्या न्यायला आली.
केप व्हर्देची, गुडघे दुखतात, तरी गुणगुणते.
मी विचारलं, तुझं कसं गं, अडीअडचणीचं?
साखरेच्या डब्यात, म्हणाली, तळाशी.
त्याला नाव देत नाही मी.
नाव दिलं की खर्च होतं.
माझी टोपली उचलून गेली;
तिच्यात वेल्टाबाईंच्या पत्राचे दोन मसुदे होते.

पावणेपाचला खालून होकार आला,
निम्म्याहून कमी, पण होकार.
नव्या तक्त्यात 'अनपेक्षित' पुन्हा जागच्या जागी,
समोर रिकामी चौकट.
गोडेलीव्ह बुटाची नाडी बांधत म्हणाली, किती?
मी आकडा सांगितला.
दुप्पट लिही, म्हणाली,
निम्मा तर ते करतीलच.

बाहेर पहिली ट्राम वळताना करकरली.
प्रिय वेल्टाबाई.
'रद्द' लिहिलं. खोडलं.
'पुढे ढकलली' लिहिलं. तेही खोडलं.
मुलांनी बाटली अजून फेकू नये
एवढंच उरलं कागदावर.