एक टक्का जास्त

काय बघितलंस रे विलायतेत?
हिंदुरावनं विचारलं, ब्रेडचा तुकडा कटात बुडवत.
म्हटलं, गाव. समुद्राकाठचं.
आपल्या उचगावाच्या पावपटही नसेल.
मग त्यात बघायचं काय, मुबारक म्हणाला
आणि कांद्याची वाटी स्वतःकडं ओढली.

चाळीस वर्षं लाकडी पॅटर्न केले मी उद्यमनगराला.
बीड निवताना आकसतं, शंभराला एक.
म्हणून सागवान कापतानाच थोडं जास्त धरायचं.
आमची पट्टीच वेगळी,
तिच्यावरचा सेंटिमीटर खोटा असतो
तेव्हा कुठं माल खरा निघतो.

तीच पट्टी घेऊन सांगत बसलो.
म्हटलं, कडा होता पन्हाळ्याच्या बुरजाएवढा.
होता, पण एवढा नव्हता.
म्हटलं, वारा असा की वृषालीचा चहा
कपातून उडाला तो माझ्या मफलरवर.
(हे मापात आहे.)
घरांच्या भिंती गारगोट्यांच्या,
दारं बुटकी, निळी,
दारावर गेलेल्या माणसांचे धंदे लिहिलेले :
दोरवाल्याचं घर. मीठवाल्याचं घर.
आता आत कोण राहतं?
वृषाली म्हणाली, शनिवार-रविवारची माणसं.

चर्च कड्याच्या टोकाला.
पूर्वी गावाच्या मधोमध होतं म्हणे.
समुद्रानं गाव पुढून खात आणलं,
गल्लीमागून गल्ली, कानस मारल्यासारखं.
शेवटच्या ओळीतल्या थडग्यांना आता थेट पाणी दिसतं.
झाडलोट करणाऱ्या बाई, सत्तरीच्या, पायात गमबूट,
सांगत होत्या, वादळ झालं की मी खाली वाळूत जाते,
कुणाचं काही पडलं असेल तर वर आणते.
कुणाचं?
आमच्यातल्याच कुणाचं.
वृषालीनं मराठीत सांगायच्या आधीच मला कळलं.

हे मी मिसळीपाशी बोललो नाही.

बोललो ते पबच्या भिंतीबद्दल.
दाराशेजारी पितळेची पट्टी, त्यावर रेघ आणि साल,
त्या रात्री समुद्र इथवर आला होता.
सवयीनं वीत टेकवली मी. सहा वीत, चार बोटं.
बाबा, लोक बघतायत, वृषाली म्हणाली.

आपली रेघ पितळेची नाही.
जयंती नाल्याकडच्या शेडमध्ये, बटनांच्या बोर्डावर,
एकोणीसच्या पुराची, चिखलानंच ओढलेली.
लेथ जागेवर राहिला. बीड जागेवर राहिलं.
लाकूड तेवढं उठलं.
पंपांची पोटं, पुल्या, गुऱ्हाळाच्या चरकाचे दात,
लाल-काळ्या रंगाचे माझे सगळे पॅटर्न
वाकलेल्या शटरखालून बाहेर पडले
आणि गल्लीतून रांगेनं चालू लागले.
पहिल्या मजल्यावरून बघत होतो.
होड्यांसारखे दिसले असं म्हणायची सोय नव्हती,
तोवर होडी कुठं नीट बघितली होती?

तिथं बघितल्या.
गोट्यांच्या किनाऱ्यावर पालथ्या, पोटं वर.
फळी-फळीत केसाएवढी फट.
मनात म्हटलं, मिस्त्री चुकला.
मग एका म्हाताऱ्यानं दोन्ही हातांची बोटं
एकमेकांत अडकवून दाखवली :
पाण्यात उतरली की लाकूड फुगतं, फट मिटते.
म्हणजे ह्यांनी कमी धरलेलं.
आम्ही जास्त, हे कमी,
आणि दोघांचा भरवसा पुढं होणाऱ्या गोष्टीवर.

बिल मुबारकनं दिलं. हिंदुराव म्हणाला,
एवढा खर्च करून फटी बघून आलास होय?

उठताना त्यांना एक सांगायचं राहिलं.
पुरानंतर दीड महिन्यानं शिरोळहून फोन आला होता,
अनोळखी माणूस, आवाज जरा घाबरट :
उसात एक लाकडी चाक सापडलंय बघा,
मागं तुमचं नाव आन् नंबर कोरलाय.
जळणात घालणार होती पोरं.
मीच म्हटलं राहू दे,
आपल्यातल्याच कुणाचं तरी असंल.