शेळीच्या पाठीवर नंबर

रोज रात्री आमच्या ओट्यावरून पुणं दिसतं,
खाली, धरणापलीकडं, राखेत फुंकर घातलेल्या निखाऱ्यांसारखं.
आज मागच्या सोंडेवरही तसंच एक पुणं दिसायला लागलंय.
फक्त ते हलतंय.

वनखात्याच्या लोहकरे मॅडमचा फोन आला साडेआठला :
"वारा फिरला तर दोन तास धरा.
जाळरेषा काढलीय, पण गवत कंबरेएवढं आहे.
तुम्ही आवरून ठेवा."
आवरून ठेवा.
पाहुणे यायचे असल्यासारखं.

मालक वडगावच्या सोसायटीत रात्रपाळीला,
दुसऱ्यांच्या गाड्या मोजत.
इथं मी, धाकूमामा, पाचवीतली वेदा,
दोन म्हशी, एक रेडकू, अकरा शेळ्या,
आणि अंड्यांवर बसलेली कोंबडी,
जिला काही सांगून उपयोग नाही.

आधी सिलिंडर. गडगडत नेला नांगरटीत,
उघड्या ढेकळांत उभा केला,
लाल, एकटा, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
मग वैरण. गंजी गोठ्याला टेकवून रचली होती,
सोय म्हणून.
तीच सोय आता उपसायची.
निम्मी ओढून लांब टाकली, निम्मी भिजवली,
लाइट होती तोवर मोटर चालली,
मग घागरी.

मामा म्हणाले, आज दाव्याला गाठ नको,
नुसता एक वेढा.
कोयता नाही सापडला तरी
हिसक्यासरशी सुटलं पाहिजे.
त्यांच्या चुलत्याच्या गोठ्यात एकदा
गाठी सुटल्या नव्हत्या.
पुढचं ते कधीच सांगत नाहीत.
एकेक गाठ त्यांनीच सोडली,
बोटं थरथरत होती, मी बॅटरी धरली
आणि बॅटरीकडंच बघत राहिले.

रेशनकार्ड, सातबारा, आधार, वेदाचा दाखला,
सगळं पिठाच्या डब्यात.
आईचा फोटो घेतला, परत ठेवला,
परत घेतला.

तेवढ्यात वेदा अंगणात चुना कालवत बसलेली.
काळ्या शेळ्यांवर चुन्यानं, पांढऱ्यांवर गेरूनं
तिला आपला मोबाइल नंबर लिहायचा होता.
मी ओरडले, ही काय वेळ आहे?
मग मीच एकेकीचे कान धरून उभी राहिले.
बांडी शेवटची. ती ठरेना.
आठ आकड्यांतच तिची पाठ संपली,
उरलेले दोन मांडीवर घेतले.

अकराला अंकुशचा छोटा हत्ती आला.
तोवर धूर घशात उतरला होता,
आणि वरून काळी पातळ पानं पडत होती
जी हातात घेतली की नव्हतीच.
शेळ्या चढवल्या. म्हशी पायी, मामा पुढं.
कोंबडी पाटीसकट उचलली,
तिनं दोनदा चोच मारली. बरोबरच आहे.
हातात कुलूप बघून मामा म्हणाले,
आग काय दारानं येते?
लावलं तरी. मग मांजर आठवलं,
काढलं.

उतारावर धूर दाट झाला, टेम्पोनं गचका दिला,
आणि फळीवरून एक अंग अंधारात गेलं.
थांबता आलं नाही.
वेदानं हाक मारली नाही, नुसत्या शेळ्या मोजल्या.
दहा.

पहाटे वारा वळला.
घर राहिलं. भिजवलेली वैरण राहिली,
लांब टाकलेली जळाली.
मांजर ओट्यावर, आम्हीच उशीर केल्यासारखं बघत.
सोंड काळी, अधूनमधून एखादा बुंधा
कुणीतरी विडी ओढत बसल्यासारखा धुमसत होता.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन.
"खडकवासल्याच्या चौपाटीवरून बोलतोय, मक्याच्या गाड्यावरून.
तुमची शेळी माझ्याकडं आहे,
सकाळपासून कणसांची सालं खातेय.
मघाशीच केला असता फोन,
पण आठच आकडे दिसत होते.
बाकीची मांडी अंगाखाली होती.
उठवावी म्हटलं, पण फार दमलेली दिसली.
मग थांबलो,
ती उठेपर्यंत."